वाया जाणारी वीज

२०१६ साल. मला एकसष्टावं लागलं होतं. वेल्ह्याच्या पेठेत माझं मोटार वायंडिंगचं दुकान, त्यालाही तेव्हा तीस-बत्तीस वर्षं झालेली. माझी शाळा दुसरीपर्यंत. म्हणून हे मी सांगितलं आणि सुनेनं लिहून घेतलं. ती म्हणाली, "तात्या, तुमचं जसंच्या तसं लिहिते." मग वाचून दाखवलं, तर चार ठिकाणी तिनं मला मऊ केलं होतं. ती चारही ठिकाणं मी परत होती तशी करून घेतली.

दिवाळी अंकवाल्यांनी विषय दिला तो मोठा आहे. शेजारचे देश विजेच्या कामात एकमेकांना कशी मदत करतात, पाण्यावर, उन्हावर कसे चाललेत, त्याचा तुमचा अनुभव लिहा म्हणाले. मोठ्या गोष्टी मला ठाऊक नाहीत. नेपाळच्या नद्यांची वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात जाते, असं मोबाईलवर ऐकतो. जात असेल. माझ्या वाट्याला त्या सगळ्यातून एक लोखंडी चाक आणि एक माणूस आला. तेवढंच सांगतो.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाण्याची मोटार जळली की ती वायंडिंगवाल्याकडं येते. मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्यांना आम्ही कॉइल म्हणतो. जळलेली वेटोळी उपसून काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची, खाचांत कागद घालून बसवायची, वॉर्निश पाजून वाळवायची. बास. पण खरं कसब गुंडाळण्यात नाही. ते उघडल्यावर बघण्यात आहे. जळलेली कॉइल सगळं सांगते. काही वेटोळी काळीठिक्कर आणि मधली काही नवी कोरी, म्हणजे तीनातला एक फेज गेला होता आणि मालकानं मोटार तशीच चालू ठेवली. सगळी सारखीच करपलेली, म्हणजे मोटारीला झेपेना इतकं ओढलं. आणि सगळं पिवळंधमक, फक्त एकाच जागी भोक पडून तांब्याचा मणी झालेला, म्हणजे व्होल्टेज एकदम चढलं.

हे सगळं मी गिऱ्हाइकाला विचारून शिकलो नाही, कारण गिऱ्हाईक कधीच खरं सांगत नाही. इतक्या वर्षांत मोटार घेऊन आलेला एकही माणूस "माझ्या हातनं जळली" म्हणाला नाही. सगळ्यांची आपोआप जळते. पानशेतचा एक हॉटेलवाला एका हंगामात तीनदा आला. तीनदाही आपोआप. शेवटी मी त्याच्याकडं जाऊन बघितलं, तर फ्यूजच्या जागी सायकलचा स्पोक. पालीचा एकजण म्हणाला, मोटार पेटीत कोरडी ठेवली होती, पाणी दाखवलंच नाही. उघडली तर आत जिता खेकडा. मी खेकडा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "हा तुमचा साक्षीदार घ्या." माणूस हसला, पण ओढ्यात पडली होती हे शेवटपर्यंत म्हणाला नाही. अशा लोकांना मी तोंडावर बोलायचो. त्याचा मला अभिमान होता. आहे.

तर त्या साली पावसाळ्यात एका संस्थेच्या मॅडम दुकानात आल्या. गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरांची वस्ती आहे, सात घरांची. आम्ही तिला वरची वाडी म्हणतो. खांब तिथवर गेले नव्हते. मॅडम म्हणाल्या, वाडीशेजारच्या ओढ्यावर छोटं चाक बसवून वीज करायची आहे. नेपाळात डोंगरातल्या गावांनी अशी चाकं ढिगानं बसवलीत, तिथला मिस्त्री येणार आहे. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांकडून शिकायचं अशी योजना आहे. तुम्ही त्याच्या हाताखाली राहून शिका, पुढं सांभाळायचं तुम्हालाच.

हाताखाली हा शब्द मला आवडला नाही. पण गेलो.

मिस्त्रीचं नाव दिलबहादूर. पस्तिशीचा, बुटका, मान नसल्यासारखा, पण चढणीला माझ्याआधी पोचायचा. मराठी महिनाभरात तोडकीमोडकी उचलली. मला काका म्हणायचा. त्यानं आणलेलं चाक दोन विती रुंद, कडेनं आमटीच्या वाट्यांसारख्या वाट्या. वरून पाइपातनं पाणी येऊन त्या वाट्यांवर आदळायचं आणि चाक गरगरायचं. चाकाला जोडायला त्यानं काय काढलं, तर साधी पाण्याची मोटार! माझ्या दुकानात रोज येते तसली.

मी म्हणालो, "मिस्त्री, मोटार वीज खाती. देत न्हाई."

तो म्हणाला, "काका, जरा जोरात फिरवली ना, देते पण."

तिच्या तोंडाला त्यानं तीन कपॅसिटर, म्हणजे वीज धरणारे लहान डबे, जोडले, पाणी सोडलं, आणि बल्ब लागला. तीस वर्षं ज्या मोटारीचं पोट मी फाडत होतो, ती वीज देऊ शकते हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला शाबास म्हणालो नाही. "बरं," एवढंच म्हणालो.

भांडण झालं ते पिपावरून. शेडच्या बाजूला त्यानं एक पत्र्याचं पीप ठेवलं, त्यात पाणी खेळवलं आणि पाणी तापवायच्या तीन कॉइल बुडवल्या. वाडीतले दिवे बंद असले की सगळी वीज त्या पिपात जायची. दिवसभर पाणी नुसतं कढत राहायचं, आणि जास्त झालेलं ओढ्यात वाहून जायचं.

"हे कशापायी?" मी विचारलं.

"काका, ते पाणी तापवत नाय. ते चाकाला धरून ठेवतंय. घरात कोण वीज घेत नाय तर चाक मोकळं सुटेल."

हे त्यानं एकदा नाही, दहादा सांगितलं. मला पटलं नाही. आमच्यात माणूस खोलीबाहेर पडताना बटण बंद करतो. न वापरलेली वीज वाचते, हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना शिकवलं. आणि हा म्हणतो, वापरली नाही तर मशीन मरेल! वाडीतली माणसं त्या पाण्यानं आंघोळी करू लागली, ओल्या बाळंतिणीला नेऊ लागली. मी त्या पाण्याला शिवलो नाही. कामासाठी वाडीत मुक्काम पडायचा, कार्तिकाची थंडी, तरी मी ओढ्यात गार पाण्यानं आंघोळ करायचो. दिलबहादूर पिपापासून हाक मारायचा, "काका, या, गरम आहे!" मी म्हणायचो, "उधळपट्टीचं पानी मला नको."

त्यात ठकूबाईचं घर. वाडीत सात घरं, पण वीज सहांना. ठकूबाई विधवा, माझ्याच वयाची, घर ओढ्याच्या पलीकडं एकटं. दिलबहादूरनं हिशेब केला होता, की पौषात ओढ्याचं पाणी उतरतं, तेव्हा सहा घरं आणि पिठाची चक्की एवढंच निभेल. ठकूबाई काही बोलली नाही. मीच बोललो. "दिवसभर पानी उकळायला वीज हाय, आन बाईला दोन बल्बाला न्हाई?"

"काका, ती वेगळी वीज."

"वीज वीज असती."

आता जे झालं ते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा चार देशांतले पाहुणे हे काम बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर आमच्या भागात आणखी वाड्यांवर चाकं बसणार, आणि ती बसवायचं काम दिलबहादूरला मिळणार. नेपाळात त्याच्या दोन पोरींची शाळा त्यावर अवलंबून होती, हे त्यानं मला एकदा सांगितलं होतं. पाहुणे यायला चार दिवस होते. तो पाइपाचा काही जोड आणायला एसटीनं भोरला गेला. मी शेडमध्ये एकटा.

दुपारची वेळ. ठकूबाई वाडीतल्या चक्कीवर नाचणी दळत होती. मी पिपाच्या कॉइलची वायर स्क्रू सैल करून काढली आणि त्याच जोडावर ठकूबाईच्या घराची वायर लावली. वायर मी आधीच ओढून ठेवली होती. चाकाचा आवाज जरा चढला. मला वाटलं, खूश झालं. ओढा ओलांडून तिच्या घरात गेलो, बटण दाबलं, बल्ब लागला. भर दुपारी लागला, आणि चांगला पांढराफेक लागला. मी मनात म्हणालो, बघ मिस्त्री.

चक्की चालू होती म्हणून तोवर चाकाला काम होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ठकूबाईचं दळण संपलं. तिनं बटण बंद केलं.

चाकाचा आवाज भुंग्यासारखा झाला, मग शिट्टीसारखा. माझ्या डोक्यावरचा बल्ब फुटला. शेडमधून ठो ठो असे दोन आवाज आले, ते कपॅसिटर. मी पळालो. सगळ्यांत आधी मी पोचलो. पहिलं काम केलं ते पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचं. दुसरं काम काय केलं तेही लिहून घ्यायला सांगतो. पिपाच्या कॉइलची वायर परत जागेवर बसवली, स्क्रू आवळला, आणि ठकूबाईची वायर गुंडाळून शेडच्या छपरावर टाकली. मग बाकीची माणसं आली.

ठकूबाई पिठाच्या हातानं शेडच्या दारात उभी. "म्या निस्तं बटान बंद केलं वो."

कोणीतरी बोललं, "हिच्या हातालाच कायतरी हाय. पांढऱ्या पायाची."

मी ऐकलं, आणि फुटलेल्या कपॅसिटरचे तुकडे गोळा करत राहिलो.

संध्याकाळी दिलबहादूर आणि मॅडम दोघंही आले. मॅडमनी मला विचारलं, "तात्या, तुम्ही जाणकार. काय झालं?"

मी म्हणालो, "मोटार आतनं गेली. नेपाळची वायंडिंग कच्ची."

दिलबहादूरनं माझ्याकडं बघितलं. मग पिपाकडं. मग पिपाच्या कॉइलच्या स्क्रूवर बोट फिरवलं. आवळताना पडलेला ओरखडा ताजा होता. त्यानं हात काढला, पँटला पुसला आणि मोटारीचे बोल्ट सोडायला बसला.

दुसऱ्या दिवशी चौघांनी मोटार लाकडी मेढ्याला बांधून, खांद्यावरून खाली आणली. दुकानात मी ती उघडली. दिलबहादूर शेजारी स्टुलावर. आत सगळं पिवळंधमक. एका जागी भोक, तांब्याचा मणी.

तो म्हणाला, "काका, तुमच्याकडं अशी मोटार आली तर तुम्ही मालकाला काय सांगता?"

"सांगतो, व्होल्टेज चढलं."

"आणि व्होल्टेज कशानं चढलं?"

मी पक्कड घेऊन तार उपसायला लागलो. तो म्हणाला, "पाहुण्यांना मी सांगतो, बेअरिंग अडकलं. माझ्याकडनं ग्रीस कमी झालं."

"तू का सांगनार?"

"मी जाणार काका. मशीन तुम्ही सांभाळणार. वाडीनं तुमच्यावर भरोसा नाय ठेवला तर मशीन बंद पडेल. एवढं चढून आणलंय."

"आन तुझं पुढचं काम?"

"बघू," म्हणाला, आणि इन्सुलेशनचा कागद कापायला घेतला. कागद मात्र फार सुरेख कापायचा. माझ्यापेक्षा चांगला. हे मी आज म्हणतोय.

दोन दिवस आम्ही दोघांनी ती मोटार भरली. एका बाजूनं त्याचा हात, दुसऱ्या बाजूनं माझा. वॉर्निश उन्हात वाळवलं, भोरहून नवे कपॅसिटर आणले, तिसऱ्या दिवशी मोटार वर चढवली. चाललं. पिपातलं पाणी परत कढायला लागलं. मी त्याला त्या दोन दिवसांत कितीतरी वेळा बोलणार होतो. बोललो नाही. जळलेली मोटार घेऊन येणारा माणूस गप का बसतो ते मला तेव्हा कळलं. त्याला वाटत असतं, की समोरच्याला कळलेलं नाही.

इथं तर समोरच्याला कळलेलं होतं, तरी मी गप.

चौथ्या दिवशी पाहुणे आले. नऊ-दहा जण, चढून दमलेले. वाडीच्या खळ्यावर सतरंज्या टाकल्या. भाषणं झाली, इंग्रजीत. ओढ्याचं पाणी, सूर्याचं ऊन, सगळ्या देशांनी मिळून, असं काहीसं असावं. पाहुण्यांच्या मांडीवर वह्या होत्या, पण एकानंही पेन उघडलं नव्हतं. मी कडेला बसलो होतो. ठकूबाई पार मागं, जनावरांच्या बाजूला. तीन दिवस तिला कोणी चक्कीच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं.

मग मॅडमनी सांगितलं असावं की मशीन मध्ये बिघडलं होतं, कारण नेपाळच्या पाहुण्यांतला एक वयस्क साहेब दिलबहादूरकडं वळला आणि करड्या आवाजात त्याच्या भाषेत काहीतरी विचारू लागला. दिलबहादूर उभा राहिला. हात मागं बांधून खाली बघत बोलायला लागला. त्या सगळ्या बोलण्यातला मला एकच शब्द कळला. बेअरिंग.

मी उठलो. "बेअरिंगला काय झालं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "तात्या, आपण नंतर बोलू."

"नंतर न्हाई. आत्ता. ह्यांना सांगा तुमच्या इंग्रजीत. पिपाची वायर म्या काढली. मला वाटलं वीज वाया चाललीय. चक्की बंद झाली, चाक सुटलं, मोटार फुटली. मग वायर म्या परत लावली, कुनाला कळू नये म्हनून. आन नेपाळची वायंडिंग कच्ची म्हनलो, ते खोटं म्हनलो. वायंडिंग चांगली हुती."

मॅडमनी माझं एवढं बोलणं दोन वाक्यांत आटपलं. त्यात वायंडिंग चांगली होती हे आलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी "पुन्हा सांगा" म्हणालो. त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी जरा लांब झालं.

आणि मग पाहुण्यांनी पेनं उघडली. सगळ्यांनी. भूतानच्या एक बाई मॅडमना विचारून विचारून लिहीत होत्या, कुठली वायर, किती वाजता, चक्की केव्हा बंद केली. त्यांच्याकडंही म्हणे एका गावात असंच झालं होतं, आणि वायर कोणी काढली ते अजून कोणी कबूल केलेलं नव्हतं. चार देशांची माणसं एवढी चढून आली, आणि लिहून काय नेलं तर माझी चूक. त्याचं मला वाईट वाटलं नाही. उपयोगी चूक होती.

मागून ठकूबाई आली. पाहुण्यांची पर्वा न करता माझ्यासमोर उभी राहिली.

"म्हंजी माझ्या बटनानं न्हाई झालं?"

"न्हाई."

"तीन दिस समदी मला बोलत्यात. तुमी ऐकत हुता?"

"व्हय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, पदर खोचला आणि चक्कीकडं निघून गेली. थोड्या वेळानं चक्कीचा आवाज सुरू झाला. दळायला काही नसताना नुसतीच चालवली असावी.

पुढचं थोडक्यात. दिलबहादूरला काम मिळालं. भोरच्या अंगाला दोन वाड्यांवर त्यानं चाकं बसवली आणि मग गावी गेला. दसऱ्याला त्याचा फोन येतो. बांगलादेशच्या पाहुण्यांपैकी एका दाढीवाल्या गृहस्थांनी दाखवायला म्हणून उन्हावर चालणारी एक लहान पाटी आणली होती, दोन दिव्यांची. त्यांच्याकडं घरोघरी असते म्हणाले. ती त्यांनी ठकूबाईच्या छपरावर ठेवली ती ठेवलीच. उन्हाळ्यात ओढा आटला की आख्ख्या वाडीत फक्त तिच्याच घरात उजेड असायचा, आणि ज्यानं तिला पांढऱ्या पायाची म्हटलं होतं तो तिच्याकडं मोबाईल चार्जिंगला यायचा. ती त्याला ओट्यावर थांबवायची. नंतर बाकीच्या घरांवरही पाट्या आल्या. पावसात चाक, उन्हात पाटी, असं अजून चाललंय. दुकान मी बंद केलं, पण चाकाचं बेअरिंग बघायला जातो. ग्रीस कधी कमी पडू दिलं नाही.

त्या दिवशी पाहुणे उतरून गेल्यावर दिलबहादूर अवजारं आवरायला बसला. आवरता आवरता एवढंच म्हणाला, "काका, लई हट्टी माणूस तुमी." मी म्हणालो, "ते आधीच कळायला पायजे हुतं तुला." मुक्काम वाडीतच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, पंचा आणि तांब्या घेतला आणि ओढ्याकडं न जाता पिपाकडं गेलो. ठकूबाई तिथं हंडा भरायला आली होती. मला बघून म्हणाली, "तात्या, उधळपट्टीचं हाय बरं का." पाणी चांगलंच कढत होतं, गार मिसळावं लागलं. दोन बादल्या अंगावर घेतल्या. मग तिसरी भरली, ठकूबाईचा हंडाही तिच्या हातातून घेतला, आणि दोन्ही ओढ्यापलीकडं तिच्या दारात नेऊन ठेवली.